फिरतें दफ्तर आणि डोळ्यांवरची कचेरी

मराठी भाषेंत 'दफ्तर' हा शब्द किती अर्थांनीं वापरला जातो याची नुसती यादी केली तरी राज्यकारभाराच्या इतिहासाचें एक प्रकरण उलगडतें. कागदांचा गठ्ठा तें दफ्तर. तो गठ्ठा जेथें ठेवावयाचा ती जागा तेंही दफ्तर. आणि सकाळीं शाळेस निघालेल्या पोराच्या पाठीवर जें ओझें असतें तेंही 'दप्तर'च. शब्द फारसींतून आपणांकडे आला, आणि फारसींत तो ग्रीकांच्या 'कातडें' या अर्थाच्या शब्दापासून आला असें व्युत्पत्तिशास्त्रज्ञ सांगतात. लिहिण्यासाठीं कमावलेलें कातडें, मग त्याची वही, मग वह्या सांभाळणारें खातें, आणि सरतेशेवटीं त्या खात्याची इमारत, असा या शब्दाचा प्रवास झाला. शाळकरी पोराच्या पाठीवर मात्र त्याचा मूळ धर्म शाबूत राहिला आहे: दफ्तर ही माणसानें आपल्याबरोबर न्यावयाची वस्तु आहे.

हे विचार आमच्या मनांत येण्यास कारण झालें एक यंत्र. गेल्या श्रावणांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. हिंजवडीच्या एका संगणक-कंपनींत तो कित्येक वर्षें नोकरी करीत आहे. पेढ्यांच्या पुड्याबरोबर त्यानें एक पांढरें खोकें आमच्या टेबलावर ठेवलें आणि आंतून एक अवजड चष्मा बाहेर काढला. ज्यास हल्लीं 'व्हीआर हेडसेट' म्हणतात, म्हणजे आभासी वास्तव दाखविणारें डोक्यावरचें यंत्र, तें हें. खेळासाठीं मुलें असलीं यंत्रें वापरतात हें आम्ही ऐकून होतों. परंतु आमचा हा विद्यार्थी त्यांत बसून कचेरीचें काम करतो! आठवड्यांतून दोन दिवस तो घरीं असतो. त्या दिवशीं सकाळीं चहा घेऊन तो हें यंत्र डोळ्यांवर चढवितो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पत्रें, हिशेब, सहकाऱ्यांशीं मसलत असें सारें त्यांतच उरकतो.

त्याच्या आग्रहावरून आम्हींही तें चढवून पाहिलें. चढवितांच आमची खोली, पुस्तकांचीं कपाटें, खिडकीबाहेरचा सोनचाफा हें सारें नाहींसें झालें आणि आम्ही एका सरोवराच्या कांठीं बसलों आहों असें दिसूं लागलें. समोर हवेंत भिंतीएवढे तीन पडदे टांगलेले. एकावर पत्रव्यवहार, दुसऱ्यावर आंकड्यांचा तक्ता, आणि तिसऱ्यावर, गुरूला खूष करण्याच्या हेतूनें असेल, आमचाच एक जुना लेख. मान वळवावी तसे पडदे जागच्या जागीं स्थिर. जणूं ते खरोखरच तेथें खिळ्यांनीं ठोकले आहेत. अचंबा वाटला हें कबूल केलेंच पाहिजे. मग लेख वाचावयास गेलों आणि अडखळलों. अक्षरें मोठीं होतीं, परंतु त्यांच्या कडा भुरकट. रफार कोणत्या अक्षरावर आहे तें कळेना. अनुस्वार आहे कीं पडद्यावरचा एखादा ठिपका चुकून उजळला आहे हें ठरवितां येईना. ज्या लेखकाच्या पानावर अनुस्वारांची पेरणी आमच्यासारखी सढळ हातानें झालेली असते, त्याला ही अडचण लहान नव्हे. इतक्यांत चहा आला. सरोवराच्या कांठावरून आम्हीं अंदाजानें हात पुढें केला आणि कप तपासावयास आलेल्या उत्तरपत्रिकांवर उपडा झाला. बाहेरचें जग दाखविण्याची सोयही या यंत्रांत असते म्हणे. ती चालू करण्याचें आमचे गुरुजी (त्या घटकेस तोच आमचा गुरु होता) विसरले होते.

उत्तरपत्रिका पुसतां पुसतां तो म्हणाला, "सर, आजवर माणूस कचेरीकडे जात होता. आतां कचेरीच माणसाकडे आली. इतिहासांत हें पहिल्यांदाच घडतें आहे, नाहीं का?"

इतिहास शिकवून ज्याचे केंस पिकले त्याच्यासमोर 'पहिल्यांदाच' हा शब्द जपून उच्चारावा. आम्हीं त्या दिवशीं त्याला जें उत्तर दिलें तें तुटक होतें; तेंच येथें जरा विस्तारानें मांडतों.

पुण्यांतल्या पुण्यांतच पाहावयाचें तर पेशव्यांचें हुजूर दफ्तर हें त्या काळीं हिंदुस्थानांतल्या मोठ्या कचेऱ्यांपैकीं एक होतें. 200 हून अधिक कारकून त्यांत काम करीत. त्याचे मुख्य भाग दोन: चालतें दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरांत फड, बेहेडा, सरंजाम अशीं खातीं असत. फडावर सनदा आणि हुकूम तयार होत, रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द लिहिली जाई. बेहेड्यांत पुढच्या सालच्या जमाखर्चाचे अंदाज बांधले जात. सरंजामांत सरदारांच्या सरंजामांचे हिशेब. 'फडणीस' हा शब्द फारसी 'फर्दनवीस' याचा मराठमोळा अवतार असला, तरी आमच्या कानांस तो 'फडा'चा धनी म्हणूनच ऐकूं येतो, आणि नाना फडणिसांनंतर त्या ऐकण्यांत चूक काढण्याचें धैर्य कोणास व्हावें? एकबेरीज दफ्तराकडे सर्व खात्यांचे हिशेब येऊन पडत. तेथें त्यांची वर्गवारी होई, तर्जुमे आणि खतावण्या तयार होत.

आतां 'चालतें' म्हणजे चालू, प्रचलित. पायांनीं चालणारें असा अर्थ नव्हे. परंतु हें चालतें दफ्तर खरोखर चालतही असे. पेशवा मोहिमेवर निघाला म्हणजे कारभार शनिवारवाड्यांत कुलुपबंद करून जात नसे. हुजूर जेथें, तेथें हुजूरची कचेरी. कारकून लष्कराबरोबर निघत. कागद रुमालांत बांधून बरोबर घेतले जात. मुक्काम पडला कीं राहुटींत बैठक अंथरली जाई आणि पत्रें लिहिण्यास प्रारंभ होई. थोरल्या माधवरावांच्या कर्नाटकच्या स्वाऱ्या पाहाव्यात, किंवा त्याहून हृदयस्पर्शी उदाहरण पाहिजे असेल तर 1760 सालीं भाऊसाहेबांबरोबर उत्तरेंत गेलेल्या लष्कराची पत्रें पाहावींत. पैशाची ओढ आहे, यमुनेस पाणी आहे, रसद पाठवा, असा मजकूर ज्या हातांनीं लिहिला ते हात कोठल्या इमारतींत बसले नव्हते. वाईस सांपडलेले त्या काळचे कागद कै. वि. का. राजवाडे यांनीं 1898 सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडांत छापले, आणि पानिपतचा इतिहास बखरींच्या धुक्यांतून बाहेर आला. कचेरी लष्कराबरोबर फिरत होती म्हणून हें साधलें.

या फिरत्या कचेरीचें सामान किती थोडें होतें पाहा. बोरू, दौत, शाई वाळविण्यासाठीं वाळू, हातकागद आणि एक उतरतें डेस्क. डेस्क नसेल तर उभा केलेला गुडघा. कागद जुन्नरचा, दौलताबादचा, किंवा पुण्यांतच कसब्यांत कागदीपुऱ्यांत तयार झालेला. खळ लावून घोटलेला. शाई काजळाची. लिपि मोडी, आणि मोडी ही तर फिरत्या कारकुनाचीच लिपि. आधीं कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घ्यावयाची आणि मग बोरू शक्य तों न उचलतां अक्षरें खालीं लोंबतीं सोडावयाचीं. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. आमच्यासारख्या शुद्धलेखनाच्या अभिमान्यांनीं नाक मुरडावें अशी ही लिपि; परंतु मांडीवर कागद घेऊन, बाहेर घोडीं खिंकाळत असतां, सांडणीस्वार निघण्यापूर्वीं पत्र पुरें करावयाचें असेल तर तिच्यासारखी दुसरी सोय नाहीं.

मात्र एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे, आणि या लेखाचा सारा भार त्या भेदावरच आहे. चालतें दफ्तर फिरे. एकबेरीज दफ्तर सामान्यतः पुण्यांतच राही. काम माणसाबरोबर जाई. कामाची नोंद मात्र एका ठिकाणीं येऊन साठे. ती ज्याच्या ताब्यांत, सत्ताही त्याच्याच ताब्यांत. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत दफ्तराची हेळसांड झाली, तेव्हां राज्याचीही काय अवस्था झाली होती हें वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.

1818 सालीं राज्य गेलें. एल्फिन्स्टनसाहेबानें ज्या वस्तु कसोशीनें ताब्यांत घेतल्या त्यांत हें दफ्तर होतें. इंग्रजांस त्याचें महत्त्व आपल्याहून अधिक कळलें. कोणतें गांव कोणास इनाम, कोणत्या देवस्थानास किती वर्षासन, कोणत्या वतनदाराचा हक्क कोठवर, हें सारें त्या रुमालांत होतें. पुढें इनाम कमिशन आलें, आणि 1852 च्या अकराव्या कायद्यानें त्यास पक्कें बळ मिळालें. पिढ्यान् पिढ्या उपभोगलेल्या इनामांचे पुरावे मागितले जाऊं लागले, आणि तो पुरावा तपासावयाचा कशाशीं ताडून, तर ज्यांचीं इनामें धोक्यांत त्यांच्याच आज्यापणज्यांनीं, किंवा आज्यापणज्यांच्या शेजारीं बसून इतर कारकुनांनीं, लिहून ठेवलेल्या दफ्तराशीं! ज्या कारकुनानें सवाई माधवरावांच्या काळीं निष्ठेनें नोंद केली, त्याला आपली नोंद आपल्या नातवाविरुद्ध साक्ष देईल याची स्वप्नांतही कल्पना नसेल. दफ्तराच्या कचेरीस पुढें 'एलिएनेशन ऑफिस' असें नांव पडलें; त्यांतला 'एलिएनेशन' म्हणजे सरकारी साऱ्यांतून वगळलेली जमीन. आम्हांस मात्र त्या नांवांत दुसरा, परकेपणाचा, अर्थ ऐकूं येतो, आणि तो अस्थानीं वाटत नाहीं.

कारण हें दफ्तर आपल्या लोकांस खरोखरच परकें झालें. 1891 सालीं पुण्यांत त्यासाठीं खास इमारत बांधली गेली. गणेश चिमणाजी वाड यांनीं केलेले रोजनिशींतले उतारे प्रसिद्ध झाले, न्यायमूर्ति रानड्यांनीं 1900 सालीं पेशव्यांच्या रोजनिश्यांवर आपला प्रस्तावनारूप निबंध लिहिला. परंतु अभ्यासकांस दफ्तर मोकळें असें झालें नाहीं. राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरचे, अडगळींतले कागद गोळा केले, आणि 1910 सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्यामागें हीही एक प्रेरणा होती: सरकारचें दार बंद, तर घरोघरचीं दारें ठोठवावीं. 1930 ते 1934 या अवधींत रियासतकार सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं 'पेशवे दफ्तरांतून निवडलेले कागद' 45 भागांत बाहेर पडले, तेव्हां कोठें आंतल्या संपत्तीची सर्वांस कल्पना आली. राज्य बुडाल्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ आमचें एकबेरीज दफ्तर आमच्या गांवांत, आणि आम्ही दाराबाहेर!

इंग्रजी कचेरीनें दुसराही एक फरक केला, आणि तो कारकुनाच्या शरीरावर केला. बैठक गेली, टेबल-खुर्ची आली. मुक्काम गेला, मस्टर आलें. दहाच्या ठोक्याला माणूस जागेवर पाहिजे, आणि साहेबाच्या सहीवांचून जागा सोडतां कामा नये. पुण्यांतल्या लष्करी हिशेबाच्या कचेरींत अशीं हजारों आयुष्यें गेलीं. त्यांतल्या एका कारकुनाचें नांव वासुदेव बळवंत फडके. आई अत्यवस्थ आहे असा निरोप आला. त्यांनीं रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाहीं, आणि आईची शेवटची भेट झाली नाहीं. 1879 च्या त्यांच्या बंडास कारणें पुष्कळ होतीं. दुष्काळ होता, रानड्यांचीं स्वदेशीवरील व्याख्यानें होतीं. परंतु त्या न मिळालेल्या रजेचा सल त्यांच्या चरित्रकारांनीं नोंदविल्यावांचून सोडलेला नाहीं. माणूस जागेला बांधला गेला म्हणजे काय होतें याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

माणसानें कचेरीकडे जावयाचें हें एकदां ठरल्यावर त्यास तेथवर नेण्याची सोय करणें ओघानेंच आलें. 1858 सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी आली, 1863 सालीं बोरघाट सुटला. 1 जून 1930 रोजीं 'दख्खनची राणी' सुरू झाली आणि पुढें तिच्यांत पासधारकांची एक निराळीच जात निर्माण झाली, जिच्या आयुष्याचा मोठा वांटा घाटांतल्या बोगद्यांत गेला. टंकलेखन यंत्र आलें. 1955 सालीं गोदरेजनें तें स्वदेशी केलें. पेठांतल्या गल्लीगल्लींतून टंकलेखनाचे वर्ग खडखडूं लागले. त्याच सुमारास मोडी शाळांतून उठली. मग संगणक. पुण्यांत 1981 सालीं टाटांचें संशोधन केंद्र निघालें, 1988 सालीं सी-डॅक निघालें व तिनें 1991 सालीं 'परम 8000' हा महासंगणक करून दाखविला, आणि त्यानंतर हिंजवडीच्या माळावर कांचेच्या इमारती उठल्या. या सगळ्या इतिहासावर अधिकारी लेखकांनीं लिहिलें आहे. आम्हांस येथें इतकेंच सांगावयाचें आहे कीं यंत्रें बदललीं तरी एकोणिसाव्या शतकांतला करार बदलला नाहीं. माणूसच कचेरीकडे जात राहिला. हिंजवडीच्या रस्त्यावर सायंकाळीं जो अडकला आहे त्यास हें अधिक फोड करून सांगावयास नको.

तो करार मोडला 2020 सालीं. महाराष्ट्रांतले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यांतच, 9 मार्च रोजीं, आढळले; महिनाअखेर देश बंद झाला आणि कांचेच्या इमारती ओस पडल्या. कचेरी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत शिरली. ओट्यावर कुकरची शिटी, एका कोपऱ्यांत पोराची शाळा, दुसऱ्यांत बापाची कंपनी. 1818 पासूनचीं दोनशें वर्षें हाच कचेरीचा स्वाभाविक धर्म असें आपण समजत होतों. तें एक मधलें पर्व होतें असें आतां म्हणावें लागेल. आमच्या विद्यार्थ्याचें यंत्र या नव्या पर्वांतलें आहे. बिऱ्हाडांत खोली नाहीं म्हणून डोळ्यांवरच खोली बांधावयाची!

यंत्राचें कूळ मात्र जुनें आहे. दोन डोळ्यांस किंचित् निरनिराळीं चित्रें दाखविलीं तर मन त्यांतून खोली निर्माण करतें, हें चार्ल्स व्हीटस्टन यानें 1838 सालीं आपल्या स्टीरिओस्कोपनें सिद्ध केलें. पुढें छायाचित्रांच्या जोड्या लाकडी दुर्बिणींत घालून घरबसल्या काशी, आग्रा पाहण्याचा छंद युरोप-अमेरिकेंत पसरला. 1968 सालीं हार्वर्ड विद्यापीठांत आयव्हन सदरलंड यानें डोकें वळेल तसें चित्र वळविणारें पहिलें यंत्र केलें. त्याच्या जोडणीचें लोखंड छतास टांगलेलें असे, म्हणून ग्रीक कथेंतल्या केसाला टांगलेल्या तलवारीचें नांव त्यास पडलें. 2012 सालीं ऑक्युलस नांवाच्या मंडळीनें लोकवर्गणी काढून स्वस्त यंत्राचा घाट घातला. 2014 सालीं फेसबुकानें ती मंडळी विकत घेतली. 2021 सालीं त्या कंपनीनें कचेरीच्या बैठकींसाठीं आभासी दालन उघडलें. त्यांतले सभासद आपापल्या चित्ररूपानें टेबलाभोवतीं बसत. या चित्ररूपांस 'अवतार' म्हणतात. त्या अवतारांना प्रारंभीं कमरेखालीं पायच नव्हते! मराठींत "काय हा अवतार!" असें आपण ज्या सुरांत म्हणतों तो सूर त्या वेळीं इंग्रजी वृत्तपत्रांनींही लावला. 2024 च्या फेब्रुवारींत अॅपलनें आपलें 600 ग्रॅमांहून जड असें यंत्र अमेरिकेंत विक्रीस काढलें, आणि मोठमोठे पडदे हवेंत टांगून काम करावयाचें हेंच त्याचें मुख्य आकर्षण म्हणून दाखविलें.

या यंत्रानें कारकुनाचें भलें होतें कीं नाहीं? आमच्या विद्यार्थ्याचें म्हणणें आम्ही प्रामाणिकपणें नोंदवितों. घरांत गलका असतां त्याला एकान्त मिळतो. लहान संगणकाच्या जागीं तीन मोठे पडदे मिळतात. प्रवासांतही तीच कचेरी उघडतां येते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्यांच्या घरीं अभ्यासिका आहे त्यांनीं, म्हणजे आमच्यासारख्यांनीं, त्यांस हंसूं नये. परंतु शरीराचाही एक कैफियतीचा कागद आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या कोनांत सुमारें 60 बिंदु वेगळे ओळखतो. नेहमींच्या यंत्रांत तेथें 20 ते 25 च बिंदु असतात. म्हणून आमचे अनुस्वार हरवले. दुसरें, दूरची वस्तु पाहतांना डोळे दूरच्या मापानें वळतात आणि भिंगही दूरच्या मापानें सैल पडतें, असा निसर्गाचा जोडव्यवहार आहे. यंत्रांत पडदा एकाच ठराविक अंतरावर भासेल अशी भिंगांची योजना असते. डोळे वळतात एका अंतरासाठीं आणि जुळतात दुसऱ्या अंतरासाठीं. हा व्यवहार तासन् तास मोडीत ठेवला म्हणजे कपाळ दुखणारच. वजनाचें म्हणाल तर आमच्या आजोबांच्या पिढीनें दिवसभर पगडी वागविली. परंतु पगडीचा भार माथ्यावर असतो, नाकावर नसतो.

2022 सालीं जर्मनींतल्या कोबुर्ग येथील संशोधकांनीं या गोष्टीची परीक्षा केली. रोज आठ तास, पांच दिवस यंत्रांत, आणि पांच दिवस नेहमींच्या टेबलाशीं, असें एकाच माणसांकडून काम करवून घेतलें. दोघांनीं पहिल्याच दिवशीं डोकेदुखी, मळमळ यांमुळें माघार घेतली. 16 जणांनीं आठवडा पुरा केला. यंत्रांतल्या आठवड्यांत श्रम अधिक वाटले, चिडचीड वाढली, डोळे अधिक शिणले. आठवड्याच्या शेवटाकडे कांहीं त्रास थोडे ओसरले, हेंही त्या संशोधकांनीं नमूद केलें आहे.

शरीराचा प्रश्न, आमच्या मतें, तरीही सुटण्याजोगा आहे. यंत्र हलकें होईल, बिंदु वाढतील. आम्हांस जी चिंता वाटते ती एकबेरीज दफ्तराची. बोरूनें लिहिणाऱ्या कारकुनाची जी नोंद राही ती त्याच्या कामाची; तो कोठें पाहत होता, कितीदां त्याचा हात थबकला, हें कोणत्याही रुमालांत बांधलें गेलें नाहीं. या यंत्राचें काम डोकें आणि हात यांच्या हालचाली क्षणोक्षणीं मोजल्यावांचून चालूंच शकत नाहीं. महागड्या यंत्रांत तर डोळ्यांच्या बाहुल्यांवरही नजर असते. अॅपलनें आपण कोणीकडे पाहतों ही माहिती यंत्राबाहेर जाऊं देत नाहीं असें जाहीर केलें आहे, आणि तें योग्यच केलें. परंतु कंपनीचें आश्वासन आणि नोकराचा हक्क या दोन निराळ्या वस्तु आहेत, हा धडा 1818 नंतरच्या पुण्यास नवा नाहीं. आम्हीं विद्यार्थ्यास विचारलें, "तुझ्या या हालचालींची नोंद राहते कोठें, आणि ती उद्यां कोणी मागितली तर नाहीं म्हणण्याचा अधिकार कोणास?" तो बराच वेळ विचार करीत राहिला. मग म्हणाला, "सर, करारांत असेल. वाचला पाहिजे."

आणखी एक गोष्ट. फडावर जुन्या कारकुनांच्या शेजारीं उमेदवार बसत. पगार नाहीं, कित्येक महिने नुसतें बसावयाचें, पाहावयाचें, नकला करावयाच्या, चुकलें तर बोलणीं खावयाचीं. त्या पद्धतींत अन्याय होता हें उघड आहे. पण मोडीचें वळण, हिशेबाची शिस्त, कोणास काय लिहावें आणि काय लिहूं नये याचा विवेक, हें सारें त्या शेजारांतून उतरत असे. त्याचें पाठ्यपुस्तक कोणीं लिहिलें नव्हतें. कोरोनाच्या काळांत नोकरीस लागलेल्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आपल्या वरिष्ठांस वर्ष-दीड वर्ष प्रत्यक्ष पाहिलेंच नव्हतें. आभासी दालन ही उणीव भरून काढील असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. पाय नसलेला वडीलधारा कारकून उमेदवारास काय शिकवील हें आम्हांस सांगतां येत नाहीं. कदाचित् आमची कल्पनाशक्ति तोकडी असेल.

टिकाऊपणाचें काय? मोडी कित्येक शतकें चालली, आणि आज ती वाचणारे थोडे राहिले असले तरी ते थोडे लोक अडीचशें वर्षांपूर्वींचा कागद हातांत धरून वाचूं शकतात. मायक्रोसॉफ्टनें कामकाजासाठीं म्हणून 2016 सालीं बाजारांत आणलेल्या डोळ्यांवरच्या यंत्राचा वंश 2024 सालीं उत्पादन थांबवून मिटविला; उणींपुरीं आठ वर्षें.

आमचा विद्यार्थी जातांना तें यंत्र आठवडाभर आमच्याकडे ठेवून गेला. हा लेख त्यांतच बसून लिहावा, असा त्याचा हट्ट. आम्हींही तो मानला, आणि सरोवराच्या कांठीं बसून पहिलीं दोन पानें लिहिलीं. तिसऱ्या पानास मान अवघडली. विजेचा सांठाही संपत आला होता. मग उरलेला लेख खालीं सतरंजीवर बसून, भिंतीस टेकून, उभ्या गुडघ्यावर पाटी घेऊन लिहून काढला. तीं पहिलीं दोन पानें मात्र त्याच्या खात्यांत राहिलीं, आणि खात्याची किल्ली त्याच्यापाशीं. चार दिवसांनीं त्यानें तीं फोनवर धाडून दिलीं. कोठल्याशा सुधारक यंत्रानें त्यांतले निम्मे अनुस्वार उडविले होते; ते आम्हीं हातानें पुन्हां भरले आहेत.